पडत्या बाजूचे बळ

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला म्हणजे एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. दोन मल्ल हौद्यात उतरतात. एक थोराड, नावाजलेला, मागल्या जत्रांची इनामे घेऊन गेलेला. दुसरा त्याच्या खांद्यालाही न लागणारा, कोणा आडगावचा पोरगा. हलगी वाजू लागते आणि थोड्याच वेळात असे दिसून येते की, ज्यांचा त्या पोराशी ना गावाचा संबंध ना नात्याचा, तेही त्याच्याच नावाने ओरडू लागले आहेत. 'बळी तो कान पिळी' अशी म्हण आपल्या भाषेत आहे खरी. परंतु ती उच्चारताना आपला स्वर कौतुकाचा नसतो, तक्रारीचा असतो. पडत्या बाजूला उचलून धरावे ही माणसाची उपजत वृत्ती आहे आणि ती वृत्ती चांगली आहे असेच आमचे मत आहे.

आता जी वृत्ती फडातल्या प्रेक्षकाची तीच मतदाराची. मतपेटीपुढे उभा राहिलेला मनुष्य हिशेब करतो, जातपात पाहतो, पक्ष पाहतो, हे सर्व खरे. परंतु पुष्कळदा तो मनाशी असेही म्हणतो की, याला फार छळले बुवा, एकदा याला उभा करू. ही गोष्ट राजकारणी पुरुषांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून ज्याच्यापाशी सत्ता, पैसा, वृत्तपत्रे सर्व काही आहे असा उमेदवारही सभेत उभा राहिला की, आपण किती एकटे आणि गांजलेले आहोत हे प्रथम सांगू लागतो.

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत या विषयाला जागा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. निवडणूक ही आता दिल्लीमुंबईची गोष्ट राहिलेली नाही. ग्रामपंचायत, पतपेढी, दूध सोसायटी, शाळेचे संचालक मंडळ, इतकेच काय, जुन्या नव्या ज्ञातिसंस्थांच्या कार्यकारिणीदेखील मतदानाने होतात. आणि दर खेपेस कोणी ना कोणी 'माझ्यावर अन्याय झाला', 'आपल्या समाजाला डावलले' अशी हाक घालीत आपल्या दाराशी येतो. त्या हाकेला ओ द्यावी की न द्यावी, हा प्रत्येक घरातील प्रश्न आहे. आम्ही शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकविला. त्या अभ्यासातून या प्रश्नावर जो थोडा प्रकाश पडला तो येथे मांडतो. प्रथम अमेरिकेतील दोन निवडणुका घेऊ, कारण हा खेळ तेथे फार लवकर रंगला आणि त्याची नोंदही तपशीलवार झालेली आहे. त्यानंतर आपल्या देशाकडे वळू.

पहिली निवडणूक 1840 ची. मार्टिन व्हॅन ब्युरेन हे त्या वेळी अध्यक्ष होते. 1837 साली तेथे मोठी आर्थिक मंदी आली, पेढ्या बुडाल्या, कारागिरांची कामे गेली, आणि त्या सर्वांचे खापर अध्यक्षांच्या माथी फुटले. विरोधी व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन या वृद्ध सेनापतींना उभे केले. 1811 साली टिपेकनू येथे तेथील आदिवासींविरुद्ध झालेल्या लढाईमुळे त्यांचे नाव झाले होते. मात्र 1836 च्या निवडणुकीत याच व्हॅन ब्युरेन यांच्याकडून ते हरले होते. अशा उमेदवाराची टर उडवावी म्हणून बाल्टिमोर शहरातील व्हॅन ब्युरेन यांच्या पक्षाच्या एका पत्राने असा मजकूर छापला की, या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या आंबट दारूचे एक पिंप द्या, वर्षाला थोडेसे निवृत्तिवेतन बांधून द्या, म्हणजे तो आपल्या ओंडक्यांच्या झोपडीत उरलेले आयुष्य सुखाने काढील.

हा मजकूर लिहिणाराने आपल्या पक्षाचे केवढे नुकसान केले! त्या काळी अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबे खरोखरच अशा ओंडक्यांच्या झोपड्यांत राहत होती आणि तीच दारू पीत होती. झोपडीत राहणारा मनुष्य राष्ट्राध्यक्ष होण्यास नालायक काय, असा प्रश्न व्हिग पक्षाने गावोगाव विचारला. चाकांवर बसविलेल्या झोपड्या मिरवणुकींतून फिरू लागल्या. झोपडीच्या आकाराच्या बाटल्या, रुमाल, बिल्ले निघाले. पुरुषभर उंचीचे मोठे गोळे तयार करून ते एका गावाहून दुसऱ्या गावी लोटीत नेण्याची टूम निघाली. उलटपक्षी पेनसिल्व्हानियाचे एक प्रतिनिधी चार्ल्स ओगल यांनी काँग्रेसच्या सभागृहात तीन दिवस भाषण करून अध्यक्षांच्या प्रासादातील गालिचे, आरसे आणि सोनेरी चमचे यांचे वर्णन केले. झोपडी विरुद्ध राजवाडा असा तो सामना ठरला.

आता वस्तुस्थिती काय होती ती पाहा. हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियातील बर्कली नावाच्या एका विस्तीर्ण मळ्यावरील विटांच्या वाड्यात झाला. त्यांचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. ओहायो राज्यात त्यांचे जे घर होते त्याच्या पोटात कधी काळची एक लाकडी झोपडी होती एवढेच काय ते खरे. भोवती मोठे प्रशस्त घर उभे राहिले होते. आणि ज्यांना महालातले ऐषारामी म्हणून हिणविले ते व्हॅन ब्युरेन? ते न्यूयॉर्क राज्यातील किंडरहुक या खेड्यातल्या एका खाणावळवाल्याचे चिरंजीव. म्हणजे ज्याने गरिबीतून वर यावे तो सरदार ठरला आणि जन्माचा सरदार झोपडीवाला ठरला! हॅरिसन यांना 234 निर्वाचक मते पडली, व्हॅन ब्युरेन यांना 60. मतदान सुमारे 80 टक्के झाले; त्यापूर्वी इतक्या उत्साहाने अमेरिकन मतदार कधी बाहेर पडला नव्हता.

आपल्या पुराणात बटूचे रूप घेऊन आलेल्या वामनाची कथा आहे. लहान दिसणाऱ्याच्या पावलांचा अंदाज दात्याला नसतो. हॅरिसन यांच्या नशिबी मात्र एकही पाऊल टाकणे नव्हते. 1841 च्या मार्चमध्ये त्यांनी थंडीत जवळजवळ दोन तास अधिकारग्रहणाचे भाषण केले आणि महिन्याभरातच, 4 एप्रिल रोजी, ते निवर्तले.

एवढ्या गोष्टीवरून आमच्या ध्यानात जे आले ते असे. दुर्बळपणाचे वस्त्र स्वतःच शिवून अंगावर चढविले तर ते लोकांना फारसे पटत नाही. ते प्रतिपक्षाने शिवून द्यावे लागते. व्हिग पुढाऱ्यांनी आपण होऊन झोपडीचा देखावा उभारला असता तर तो एक खेळ झाला असता. परंतु शत्रूने हेटाळणी केल्यामुळे त्या देखाव्यात जीव आला. झोपडीत राहणाऱ्या मतदाराला वाटले की ही चेष्टा हॅरिसनची नाही, माझी आहे. पुढे वीस वर्षांनी लिंकन खरोखरच झोपडीत जन्मलेले उमेदवार म्हणून आले. 1860 च्या मे महिन्यात इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील पक्षाच्या सभेत त्यांनी तरुणपणी फोडलेले कुंपणाचे दोन लाकडी वासे वाजतगाजत आणले गेले आणि 'लाकूडफोड्या' ही त्यांची पदवी झाली. तोपर्यंत ते रेल्वे कंपन्यांची कामे चालविणारे नामांकित वकील झाले होते; पण तेथे निदान मूळ तरी खरे होते.

दुसरी निवडणूक 1948 ची, आणि ती आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. 12 एप्रिल 1945 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष हॅरी ट्रूमन हे अध्यक्षपदावर आले. हे मिसूरी राज्यातील शेतकरी कुटुंबातले गृहस्थ. महाविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कप्तान होते. परत आल्यावर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या पोशाखाचे दुकान काढले, ते 1922 साली बुडाले आणि त्याचे कर्ज ते पुढे कित्येक वर्षे फेडीत होते. रूझवेल्टसारख्या पुरुषाच्या खुर्चीवर हा चष्मा लावलेला दुकानदार बसलेला पाहून पुष्कळांनी नाके मुरडली. 1946 च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेली. 1948 उजाडले तेव्हा ट्रूमन यांचा स्वतःचा पक्षही तीन ठिकाणी फाटला. डावीकडे माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस वेगळे उभे राहिले. कृष्णवर्णीयांना नागरी हक्क द्यावेत असा ठराव पक्षाने करताच दक्षिणेतील अनेक प्रतिनिधी अधिवेशनातून उठून गेले आणि साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना त्यांनी उभे केले. मधल्या उरलेल्या तुकड्याचे धनी ट्रूमन.

समोर उमेदवार होते न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्युई. गुंडांच्या टोळ्या तुरुंगात धाडणारा सरकारी वकील म्हणून त्यांची ख्याती होती. पोशाख नेटका, आवाज घोटीव, भाषण जपून. आपण जिंकलोच आहोत, आता चूक तेवढी करायची नाही, असे धोरण त्यांनी आखले आणि तीच त्यांची मोठी चूक झाली. जो काहीच बोलत नाही त्याचे एखादे वाक्य निसटले तर तेवढेच लोकांच्या लक्षात राहते.

जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथील पक्षाच्या अधिवेशनात ट्रूमन बोलावयास उभे राहिले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. उकाड्याने लोक हैराण झालेले. त्यांनी एकदम जाहीर केले की, विरोधी पक्षाची बहुमत असलेली काँग्रेस आपण 26 जुलै रोजी परत बोलावीत आहोत. तुमच्या पक्षाने जाहीरनाम्यात घरे, महागाई, शिक्षण यांविषयी जी वचने दिली आहेत ती आताच पुरी करा पाहू! काँग्रेस आली, बसली आणि फारसे काही न करता उठून गेली. 'काहीच न करणारी काँग्रेस' हा शब्द ट्रूमन यांना कायमचा सापडला. त्याच 26 जुलै रोजी त्यांनी सैन्यातील वर्णभेद दूर करण्याचा हुकूमही काढला, ही गोष्ट विसरता कामा नये.

पक्षाच्या तिजोरीत खडखडाट होता. प्रवासात ओक्लाहोमा येथे गाडी पुढे न्यावयासही पैसे उरले नव्हते, ते तेथेच वर्गणी करून उभारावे लागले. रेल्वेच्या एका डब्यात बसून ट्रूमन निघाले. या प्रवासालाही नाव शत्रूनेच दिले. जूनमध्ये त्यांच्या पहिल्या दौऱ्यावर सेनेटर टाफ्ट यांनी अशी टीका केली होती की, अध्यक्ष महाशय पश्चिमेकडील शिटीच्या स्थानकांवर काँग्रेसची निंदा करीत हिंडत आहेत. शिटीचे स्थानक म्हणजे जेथे गाडी एरवी थांबतही नाही, कोणी उतारू असल्यास शिटी वाजवून थांबवितात असे किरकोळ ठिकाण. आपल्याकडे बावटा दाखवून गाडी थांबवीत तसलेच. ट्रूमन यांच्या पक्षाने लगेच मार्गावरील शहरांच्या नगराध्यक्षांना तारा केल्या की, आपले शहर हे शिटीचे स्थानक आहे असे आपणांस वाटते काय? उत्तरे काय आली असतील ती वाचकांनी ताडावी. बाल्टिमोरच्या झोपडीसारखेच हे झाले. हिणविण्यासाठी वापरलेला शब्द बिल्ला म्हणून छातीवर लागला.

सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत गाडी थांबे. गावचा बँड वाजे. अध्यक्ष डब्याच्या मागल्या सज्जात येत, गावाविषयी दोन शब्द बोलत, काँग्रेसवर तोंडसुख घेत, मग 'आमच्या घरच्या साहेबांना' भेटा म्हणून पत्नीला पुढे करीत, नंतर कन्येला. आणि गाडी सुटे. काही हजार मैलांचा हा प्रवास नव्हे. सर्व दौरे मिळून तो तीस हजार मैलांच्या घरात गेला.

विद्वानांचे अंदाज मात्र ठरलेले होते. एल्मो रोपर या जनमत चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञाने 9 सप्टेंबरलाच सांगून टाकले की, आता पुढे चाचण्या घेण्यात अर्थ नाही. 'न्यूजवीक' साप्ताहिकाने 50 राजकीय लेखकांना विचारले. 50 च्या 50 जणांनी ड्युई येणार असे सांगितले. तो अंक ट्रूमन यांना गाडीतच दाखविण्यात आला, तेव्हा या पन्नासांपैकी एकालाही व्यवहारज्ञान नाही अशा अर्थाचे काही तरी ते बोलले आणि कामाला लागले. गॅलप यांच्या अखेरच्या चाचणीतही ड्युई 49.5 आणि ट्रूमन 44.5 टक्के होते.

ऑक्टोबरात एक लहानशी घटना घडली. इलिनॉय राज्यातील एका स्थानकावर ड्युई मागल्या सज्जातून बोलत असता त्यांची गाडी अचानक काही फूट मागे, जमलेल्या लोकांच्या दिशेने, सरकली. कोणास इजा झाली नाही. परंतु ड्युई ध्वनिक्षेपकावरच बोलून गेले की, हा कसला वेडा इंजिन-ड्रायव्हर मिळाला आहे, याला खरे म्हणजे पहाटे गोळी घातली पाहिजे, पण सोडून देऊ. थट्टेने म्हणा, रागाने म्हणा. देशभरच्या रेल्वे कामगारांपर्यंत ते वाक्य पोहोचले. ज्या दोन माणसांचा सामना चालला होता त्यांपैकी एक इंजिन-ड्रायव्हरांशी हस्तांदोलन करीत होता आणि दुसरा त्यांना वेडे म्हणत होता, असा त्याचा अर्थ झाला.

2 नोव्हेंबरच्या रात्री ट्रूमन सँडविच खाऊन व पेलाभर दूध पिऊन झोपी गेले. छापखान्यात जुळाऱ्यांचा संप असल्यामुळे 'शिकागो ट्रिब्यून'ला अंक लवकर छापावयास घ्यावा लागला. निकालाची वाट न पाहता त्याने ड्युई जिंकल्याचा मथळा छापून टाकला. दोन दिवसांनी सेंट लुईसच्या स्थानकावर ट्रूमन यांनी तोच अंक दोन्ही हातांनी वर धरला, ते छायाचित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत छापले जाते. ट्रूमन यांना 303 निर्वाचक मते, ड्युई यांना 189, थर्मंड यांना 39. वॉलेस यांना एकही नाही.

ही कथा एवढ्यावर थांबवली तर ती एक गोड गोष्ट होईल, इतिहास होणार नाही. ट्रूमन केवळ कीव येऊन निवडून आले काय? मुळीच नाही. त्या वर्षी मक्याचे पीक उदंड आले आणि शरदात भाव झपाट्याने उतरला. जूनमध्ये काँग्रेसने केलेल्या कायद्यामुळे सरकारी महामंडळाला धान्य साठविण्यासाठी नवी कोठारे घेता येत नव्हती, आणि कोठारात माल ठेवल्यावाचून शेतकऱ्याला हमीभाव मिळत नव्हता. ट्रूमन यांनी हे शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगितले. आयोवा, विस्कॉन्सिन, ओहायो ही राज्ये 1944 साली ड्युई यांच्याकडे गेली होती. 1948 साली ती तिन्ही ट्रूमन यांच्याकडे आली. शहरांतील कामगार आणि कृष्णवर्णीय मतदार यांनाही त्यांचे त्यांचे कारण होते. ओहायोमध्ये अवघे 7,107 मतांचे अंतर होते. कॅलिफोर्नियात 17,865 आणि इलिनॉयमध्ये 33,612. ही तीन राज्ये उलटी गेली असती तर ड्युई अध्यक्ष झाले असते. म्हणजे ज्याला आपण लाट म्हणतो ती पुष्कळदा घोटाभर पाण्याची असते. आणखी एक : आपला विजय ठरलेलाच आहे असे समजून ड्युई यांचे कितीतरी मतदार घरीच राहिले. पडत्या बाजूच्या माणसाला मिळणारा हा एक छुपा लाभ आहे. त्याचे लोक चिंतेने बाहेर पडतात, जिंकत्याचे लोक जेवून वामकुक्षी करतात.

आणि जे खरोखर दुर्बळ असतात ते बहुधा हरतातच, हेही सांगितले पाहिजे. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून तीनदा, 1896, 1900 आणि 1908 साली, उभे राहिले आणि तिन्ही वेळा पराभूत झाले. आपल्या देशात तर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांचा पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांच्याकडून पराभव झाला आणि 1954 च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. ज्याने आयुष्यभर खऱ्या दुर्बळांची बाजू मांडली त्याच्या बाबतीत ही सहानुभूती कोठे गेली होती? आम्हांस वाटते, समाजाची कणव ही फार लहरी असते. ती जेथे खरोखर लागते तेथे पोहोचेलच असे नाही. जेथे तिला कोणी नाट्यमय प्रसंग दाखवितो तेथे ती धावते.

तो नाट्यमय प्रसंग आपल्या मुंबईनेही पाहिला. 1967 साली दक्षिण मुंबईत काँग्रेसतर्फे स. का. पाटील उभे होते. केंद्रात रेल्वेमंत्री, तीन वेळा मुंबईचे महापौर, मुंबई काँग्रेसचे सर्वाधिकारी. वृत्तपत्रे त्यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणत. त्यांच्याविरुद्ध संयुक्त समाजवादी पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. वय 36, नगरसेवक, टॅक्सीचालकांचे आणि पालिका कामगारांचे पुढारी. मंगळुराहून 1949 साली मुंबईत आले तेव्हा चौपाटीच्या बाकावर रात्री काढलेला हा मनुष्य. पाटील यांना कोणी विचारले की तुम्हांला हरविणार कोण, तेव्हा प्रत्यक्ष परमेश्वरही मला हरवू शकणार नाही असे ते म्हणाले, असे त्या काळी सांगितले जाई. मग शहरभर भित्तिपत्रके लागली : परमेश्वर हरवू शकत नसेल, पण तुम्ही पाटलांना हरवू शकता. पुन्हा तेच, शस्त्र प्रतिपक्षाच्या भात्यातलेच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी राहावी या बाजूला पाटील होते, ही जखमही मराठी मतदाराच्या मनात ताजी होती. फर्नांडिस यांना सुमारे 48.5 टक्के मते पडली आणि पाटील हरले.

पण चारच वर्षांनी, 1971 साली, त्याच दक्षिण मुंबईत फर्नांडिस पराभूत झाले. असे का व्हावे? तेव्हा दुर्बळाचे वस्त्र दुसऱ्याच खांद्यावर गेले होते. ज्यांना पूर्वी 'गूंगी गुडिया' म्हणून हिणविले होते त्या इंदिरा गांधींना 1969 च्या नोव्हेंबरात पक्षातील वडीलधाऱ्यांनी काँग्रेसमधून काढून टाकले. 1971 च्या निवडणुकीत हे ज्येष्ठ, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि समाजवादी यांनी एकत्र येऊन 'इंदिरा हटाव' अशी घोषणा दिली. ती घोषणा ज्याने काढली त्याला बाल्टिमोरच्या त्या पत्राची हकीकत ठाऊक नसावी. हे सर्व मला हटवू पाहतात आणि मी गरिबी हटवू पाहते, एवढेच उत्तर बाईंना द्यावे लागले. देशाची पंतप्रधान, हाती सर्व सरकार, आणि तरीही अनेकांनी घेरलेली एकटी स्त्री असे चित्र उभे राहिले. 518 पैकी 352 जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या.

त्यानंतर आणीबाणी आली आणि वस्त्र पुन्हा फिरले. 1976 च्या जूनमध्ये फर्नांडिस पकडले गेले. बडोदा डायनामाइट खटल्यात त्यांना न्यायालयात नेताना काढलेले, साखळदंड बांधलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र भारतभर गेले. 1977 साली ते बिहारमधील मुझफ्फरपूर येथून तुरुंगातूनच उभे राहिले. त्यांना स्वतः प्रचारास जाता आले नाही. त्यांच्याऐवजी ते चित्र हिंडले. तीन लाखांहून अधिक मताधिक्याने ते निवडून आले. इकडे रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून 55 हजारांहून अधिक मतांनी हरल्या. सत्तेचे साखळदंड दाखविणारे चित्र शंभर सभांचे काम करते हे त्या वेळी सर्वांनी पाहिले होते.

आणि तरीही जनता सरकारने तीच चूक करावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते. 1977 च्या ऑगस्टमध्ये, बिहारातील बेलछी गावी दलितांचे हत्याकांड झाले होते म्हणून, इंदिरा गांधी पावसापाण्यातून तेथे गेल्या. मोटार चिखलात रुतली, ट्रॅक्टर रुतला, शेवटी हत्तीवर बसून त्यांनी नदी ओलांडली. सत्तेवर असताना ज्यांच्याभोवती पहारे होते ती बाई अंधारात हत्तीच्या पाठीवर बसून दुःखितांच्या दारी गेली, ही बातमी खेडोपाडी पोहोचली. यापुढे शहाण्या प्रतिपक्षाने गप्प राहावयास हवे होते. उलट 3 ऑक्टोबर रोजी सरकारने त्यांना अटक केली. बेड्या घालूनच न्या असा हट्ट त्यांनी धरल्याचे प्रसिद्ध झाले; साखळदंडाचा धडा त्यांनी नीट गिरविला होता! दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी अटकेला पुरेसा आधार नाही म्हणून त्यांना सोडून दिले. सरकारचे हसे झाले आणि बाईंच्या अंगावर ते वस्त्र आपोआप येऊन पडले.

1978 च्या नोव्हेंबरात कर्नाटकातील चिकमगळूर येथे त्या पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या. जनता पक्षाने माजी मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील यांना उभे केले, दिल्लीहून पुढाऱ्यांची रांग लावली, आणि त्यांत खुद्द जॉर्ज फर्नांडिसही होते. ते आता केंद्रीय मंत्री होते. एक सिंहीण आणि शंभर वानरे अशा अर्थाची घोषणा दुमदुमली. इंदिरा गांधी 77 हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. डिसेंबरात लोकसभेने त्यांना सभागृहातून काढले आणि आठवडाभर तिहार तुरुंगात ठेवले. ज्याला हाकलावे तो मोठा होतो, हे सांगावयास तेव्हा कोणी मास्तर दिल्लीत नव्हता काय असे मनात येते.

1979 साली जनता सरकार आपापसांतील भांडणांनी कोसळले. 1980 च्या जानेवारीत निवडणूक झाली. तिच्यातही केवळ सहानुभूती नव्हती. ट्रूमनच्या मक्याप्रमाणे येथे कांदा होता. कांद्याचा भाव इतका चढला होता की त्या निवडणुकीला कित्येकांनी कांद्याचीच निवडणूक म्हटले. इंदिरा काँग्रेसला 353 जागा मिळाल्या. रायबरेली आणि आंध्रातील मेडक अशा दोन्ही ठिकाणांहून बाई निवडून आल्या. ज्यांनी त्यांना तुरुंगात धाडले त्यांपैकी कितीतरी जण घरी बसले. मुझफ्फरपूरच्या मतदारांनी मात्र, तीन वर्षांपूर्वी ज्याला केवळ चित्रात पाहिले होते त्या फर्नांडिस यांना त्या लाटेतही पुन्हा लोकसभेत पाठविले.